फुटलेल्या रांजणाबाबत अर्ज

विषय : मौजे राजूर येथील सखूमावशींचा रांजण माझ्या हातून फुटल्याबाबत.
संदर्भ : माझी छत्री.

विषयच नमूद झाला, तेव्हा आता लपवू काय तुमच्यापासून? बहात्तरचा दुष्काळ. राजुरासारख्या पावसाच्या गावातही ढग फिरकत नव्हता. मी तरी छत्री घेऊन हिंडायचो. कारकुनाला आशा सोडण्याचे अधिकार नसतात.

आमच्या कचेरीमागे सखूमावशी राहायच्या. लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून ओट्यावरचा रांजण भरायच्या, आणि वाटसरूला त्यातलं पाजायच्या. त्या दुपारी मी पाणी प्यायला गेलो, तर मावशी घरी नव्हत्या. रांजणात पाणी आहे का, हे झाकण काढून दिसलं असतं. पण मडकं घेताना वाजवून बघतात ना? तसं मी छत्रीच्या पितळी मुठीनं वाजवून बघितलं.

पाणी होतं! लगेच माझ्या चपलांवर आलं.

पळालो? छे! जबाबदारी घेतली. म्हणजे अर्ज लिहिला. 'तरी मेहेरबान होऊन क्षमा व्हावी.' सवयीनं कचेरीचा शिक्काही मारला आणि कागद दाराच्या कडीत अडकवला. मावशींना वाचता येत नाही, हे ध्यानातच आलं नाही.

तासाभरात मावशी कचेरीत हजर. मागे अर्धी आळी!

"भाऊसाहेब, रांजन फोडला आन् वर नोटीस लावली! घर पाडनार म्हनं आमचं!"

"कोण म्हणतं?"

"समदी आळी म्हनती. शिक्का हाय की! वाचा तुमी. मोठ्यानं वाचा!"

वाचलं. सही तेवढी गाळली.

"सही कुनाची?"

"माझी."

आळी हसली. मावशी हसल्या नाहीत.

"शेजारीच कचेरीत बसता, तोंडानं सांगता येत न्हवतं व्हय?"

"चुकलं, मावशी. उद्या नवा रांजण आणतो. तेवढी माफी द्या."

"रांजन आना. माफीचं बगू." त्यांनी अर्जाची घडी कमरेला खोचली. "कचेरीच्या चिंचंची फांदी माज्या कौलावर टेकलीय. कौलं फुटत्यात. आठ महिनं झालं अर्ज दिऊन. दर सोमवारी काय सांगता मला?"

"विचार चालू आहे," मी पुटपुटलो.

"मंग? माजाबी इचार चालू हाय. सोमवारी या."

नवा रांजण दुसऱ्याच दिवशी पोचवला. फांदीसाठी वरच्या कचेरीला तीन स्मरणपत्रं धाडली, उत्तर नाही. दर सोमवारी मी मावशींकडे जायचो. त्या तांब्याभर पाणी द्यायच्या, आणि माफीचं विचारलं की फांदीकडे बघायच्या. पुढे माझी बदली झाली. मग निवृत्तीही झाली.

सबब, अर्जदाराचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.