जमिनीचा कानोसा

आधी हातोडीची टकटक, मग फरशीला कान. एवढं झाल्याशिवाय आमचे फिटरकाका ड्रिलला हात लावायचे नाहीत. कोणी घाई केली की म्हणायचे, "थांबा ना जी, तिले विचारून राहिलो." ती म्हणजे जमीन.

बुटीबोरीच्या आमच्या कारखान्यात मशिनी जमिनीत पक्क्या बसवायचं काम त्यांचं. तुम्हीही पाहिला असेल असा एखादा माणूस: चष्म्याला दोरी, खिशात पेन्सिल आणि साहेबाच्या रागाची काडीइतकी पर्वा नाही. साहेब म्हणजे मी.

पहिला रोबो आला तेव्हा माझं डोकं नुसतं तापलेलं. चार दिवसांनी हेड ऑफिसची माणसं बघायला येणार होती. माणसापेक्षा उंच तो लोखंडी हात चार बोल्टांनी फरशीत आवळला की झालं, असं मी धरून चाललो होतो. फरशी तर नुकतीच रंगवलेली, चकाचक. काकांनी तीन ठिकाणी ठोकलं, मान डोलावली. चौथ्या ठिकाणी ठोकलं आणि तिथेच बसून राहिले.

"इथं बोदं वाजते. खाली पोकळ हाये."

"अहो, एक बोल्ट जरा कमी धरला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"आभाळ नाही जी, हा हात कोसळन. बाजूले ते पोरगी उभी राहणार हाये ना."

पोरगी म्हणजे आमची ऑपरेटर, रोबो चालवायला नुकतीच शिकलेली. मी चिडलोच. "ड्रिल मारा म्हणतो ना!" काकांनी ड्रिलचा बिट काढला, खिशात घातला आणि डबा खायला निघून गेले. अस्सा राग आला! दुसरा बिट आणून मीच भोक पाडायला घेतलं. दोन इंचांवर ड्रिल सर्रकन मुठीपर्यंत आत गेला. खाली केबलची जुनी नाली होती, नुसता मलबा भरून वरून लिंपलेली. मला दरदरून घाम फुटला.

मग फरशी फोडली, सळया बांधून नवा पाया ओतला. हेड ऑफिसच्या माणसांनी रोबोऐवजी पाया मुरावा म्हणून अंथरलेली ओली पोती पाहिली आणि बोलणी मी खाल्ली. काका तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ त्या पोत्यांवर पाणी मारत होते. पुढे निवृत्त होऊन ते मनीषनगरला लेकीकडे राहायला गेले.

परवा प्रोग्राम चुकला. रोबो पूर्ण वेगात समोरच्या लोखंडी टेबलावर आदळला, अख्खी शेड हादरली. ऑपरेटर जाळीपलीकडे, जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभी. पण पाया तसूभरही हलला नाही. हुश्श! देवाशपथ, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

लगेच काकांना फोन लावला. सगळं सांगून म्हणालो, "काका, तेव्हा तुमचं ऐकलं म्हणून आज वाचलो."

"तुम्ही कुठं ऐकलं होतं जी?" ते हसले. मीही हसलो, डोळे पुसत.

मग त्यांनी विचारलं, "ते पोरगी जेवली का?"

मी बघितलंच नव्हतं. फोन कानाला तसाच धरून कँटीनकडे निघालो. ती कोपऱ्यात बसली होती, डबा उघडा, घास घेतलेला नाही. मी फोन तिच्या हातात दिला. काका काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ती दोनदा "हो" म्हणाली आणि तिने पोळीचा तुकडा मोडला.