मार्लिसच्या नावाखाली

आमच्या गावात तक्रार करणं चोरीपेक्षा वाईट समजतात. चोराला गरज असेल, असं म्हणून निदान सोडून तरी देतात. उत्तर मिनेसोटातल्या या लोखंडाच्या खाणींच्या गावात रेनो कांगस जन्मला, वाढला आणि आमच्या संग्रहालयाचे कॉम्प्युटर सांभाळू लागला.

माणूस मोठा ऐटबाज. डिस्क मेली तर काय, असं कुणी विचारलं की डॉक्टरने सर्दीच्या रोग्याकडे बघावं तसा बघायचा. रोज दुपारी त्याचं बॅकअपचं यंत्र नेटवर्कवरून प्रत्येकाच्या कॉम्प्युटरची नक्कल कालचीच्या जागी उतरवून घ्यायचं; तेवढा वेळ तो कॉम्प्युटर मंदावायचा. त्याच भरवशावर, संग्रहालयातल्याच मार्लिसने जुन्या खाणकामगारांच्या मुलाखती कॅसेटवरून कॉम्प्युटरवर उतरवल्यावर, बुरशी धरलेल्या मूळ कॅसेट त्याने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्या. बोलणारे म्हातारे तर केव्हाच गेले होते.

फेब्रुवारीत मार्लिसची डिस्क मेली. रेनो शीळ घालत आला, यंत्रावरचा 'मार्लिस' नावाचा फोल्डर उघडला. आत निघाले आमच्या दाराशी बसणाऱ्या इर्माच्या मांजराचे फोटो. कित्येक महिन्यांचे.

घोळ आदल्या मे महिन्यातला. मासेमारीचा हंगाम उघडला की आमचं गाव तळ्यावर जातं, तसा मार्लिसचा कॉम्प्युटर आठवडाभर बंद पडून होता. राउटर प्रत्येक कॉम्प्युटरला एक आयपी पत्ता देतो, आणि बरेच दिवस कुणी फिरकलं नाही तर तो बिनदिक्कत दुसऱ्याला देऊन टाकतो. मार्लिसचा पत्ता मिळाला इर्माच्या नव्या कॉम्प्युटरला. रेनोने यंत्राला शिकवला होता नुसता पत्ता. घरात आता कोण राहतंय, हे ते कशाला विचारतंय?

इर्मा हळूच म्हणाली, "दुपारी माझा कॉम्प्युटर रांगायचा खरा. पण म्हटलं, तुला कशाला त्रास द्यायचा?"

मार्लिसचा कॉम्प्युटर मात्र त्याच सुमारास एकदम चपळ झाला होता. रेनोनेच दुरुस्त केला असेल, असं समजून तिने त्याला वेलचीचा गोड पाव भाजून आणला होता. कशाबद्दल, हे न विचारता त्याने तो खाल्लाही होता.

मेलेली डिस्क शहरात पाठवली. तिथल्यांनीही हात टेकले. ते कळलं त्या दुपारी रेनो मार्लिसच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मार्लिस, एकदा शिव्या दे गं मला. मनापासून दे."

"शिव्या कशाला, रेनो? तू काय मुद्दाम केलंस? चालायचंच."

मग ती कोट चढवून बाहेर गेली आणि त्याच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडू लागली. एवढं तर आम्ही इथे एकमेकांसाठी करतोच. रेनो खिडकीतून बघत होता. काच केव्हाच स्वच्छ झाली. ती खरवडतच राहिली.