आमच्या दाराशी लागलेली रांग

गेल्या गणपतीत शेकडो माणसं आमची खोली बघून गेली. भाव फक्त एकाने विचारला, आणि त्यालाही मी घालवलं.

लालबागला माझं मिरची-मसाल्याचं दुकान आहे. फुटपाथवर गोणपाट टाकून सुरुवात केली. बापाकडून मिळालं ते फक्त आडनाव. धंद्यातली एक युक्ती मला त्या फुटपाथनेच शिकवली. गिऱ्हाईक नसेल तर दोन मेहुणे दुकानासमोर उभे करायचे. माणसं उभी दिसली की माणसं येतात. (मेहुण्यांचा दुसरा उपयोग मला अजून सापडलेला नाही.)

चाळीतली ही तिसऱ्या मजल्यावरची खोली विकायची ती सुलभासाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी. तिला आयुष्यात एकच चैन हवी होती: घरातल्या घरात संडास! लग्न झाल्यापासून ती बादली घेऊन गॅलरीच्या टोकाला रांगेत उभी राहते आहे. अँटॉप हिलला तसा फ्लॅट मिळत होता. तिथल्या संडासाची कडी तिने आतून पुन्हा पुन्हा लावून बघितली होती. पण आधी ही खोली जायला हवी.

आमचा एजंट तांडेल. दोन्ही बाजूंची दलाली खाऊन वर चहा माझ्याच घरचा पिणारा! तो म्हणाला, "काका, पार्टी पक्की आहे. पाटणकर म्हणून बँकेतले साहेब. उद्या चारला आणतो. टोकन गणपतीतच घ्या. पितृपक्ष लागला की घराला कोणी हात लावत नाही."

"भाव?"

"थोडा कमी करावा लागेल. दुसरं गिऱ्हाईक कुठंय तुमच्याकडे?"

हे वाक्य मला झोंबलं. आजही झोंबतं! मी तिथल्या तिथे मेहुण्याला, विलासला, फोन लावला. "उद्या दुपारी आठ-दहा माणसं घेऊन ये. आपल्या गॅलरीत रांग लावा. खोली बघायला आल्यासारखे दिसा."

"भावोजी, तोंडान काय बोलूचा?"

"काही नाही! तोंड उघडलंस तर मार खाशील."

चूक इथे झाली. घरात गणपती, म्हणून विलासच्या मंडळींनी दाराबाहेर चपला काढल्या. आता विचार करा: लालबाग, गणपतीचे दिवस, दाराशी चपलांचा ढीग आणि हात बांधून गप्प उभी असलेली माणसं! थोड्याच वेळात रांग जिन्यात आणि चारच्या आत रस्त्यावर. कोणी विचारलं, "कसली लाईन?" की विलास माझी आज्ञा पाळून गप्प, नुसतं आत बोट दाखवायचा. लालबागला तेवढं पुरतं!

एका अनोळखी बाईंनी आमच्या वीतभर मूर्तीला पुरुषभर हार घातला, तेव्हा मला पहिली शंका आली.

"ताई, ही रांग देवाची नाही."

"मग कसली हो?"

आता काय सांगणार? "देवाचीच," मी म्हणालो.

सुलभाचा प्रसाद संपला. विलास दुकानातून सुकं खोबरं घेऊन आला, आणि तेही नेमकं मिरचीच्या पोत्याशेजारचं! तुकडा तोंडात टाकला की माणसाच्या डोळ्यांतून धारा. "डोळे आपोआप भरून आले गो बाई! जागृत आहे हा गणपती!" असं म्हणत एक आजी खाली गेल्या, आणि रांग दुप्पट झाली. रांगेतल्या बायका सुलभाला विचारू लागल्या, "ताई, बाथरूम कुठे?" ती गॅलरीच्या टोकाकडे बोट दाखवायची आणि माझ्याकडे बघायची. त्या नजरेत सौम्य बेडगी मिरची नव्हती, लवंगी होती.

तेवढ्यात तांडेलचा फोन. "काका, आम्ही खाली रांगेत अडकलोय!"

"सरळ वर ये की, मूर्खा!"

"मधे घुसलो तर मारतील, काका!"

शेजारच्या मंडळाचा एक कार्यकर्ता आपण होऊन शिट्टी आणि दोरी घेऊन आमच्या मूर्तीपाशी उभा राहिला होता. अखेर पाटणकर दारात पोचले.

"मला जरा स्वयंपाकघर..."

"हात जोडा, पुढे चला!"

"खिडकी कुठल्या बाजूला..."

"मूर्ती बघा साहेब, खिडकी काय बघता? पुढे!"

मी मधे पडलो. "अरे, थांबव! मी या घराचा मालक आहे!"

"इथे सगळे सारखे, काका!" म्हणत त्याने मलाही माझ्याच घरातून बाहेर काढलं.

खाली पाटणकर डोळे पुसत उभे होते. भला माणूस! "जागा आवडली. म्हणजे, दिसली तेवढी. पण दर वर्षी एवढी गर्दी असेल तर... भाव थोडा कमी कराल?"

शहाण्याने हो म्हटलं असतं. त्यांच्या पाठीमागे तांडेल मला हात जोडत होता. पण माझ्याच गर्दीचं निमित्त करून माझाच भाव पाडतो? माझं डोकं फिरलं. "एक पैसा कमी होणार नाही! कसली दर वर्षी? ही गर्दी मी उभी केलीय! पुढे उभे होते ते सगळे माझे सासुरवाडीचे!"

पाटणकरांनी विलासकडे पाहिलं. विलासने दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं. "व्हय साहेब. दुपारपासून हुबे आसंव."

पाटणकर काही बोलले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी हातातला खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि ते निघून गेले.

पितृपक्ष लागला. अँटॉप हिलचा फ्लॅट दुसऱ्याने घेतला. सुलभा बादली उचलून गॅलरीच्या टोकाला गेली. (भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी जिंकतो.)

यंदा रांग आपोआप लागली! गेल्या वर्षीच्या रांगेतल्या कोणाला तरी घर मिळालं म्हणे, त्यामुळे आमचा गणपती आता घराच्या नवसाला पावतो. तांडेल पेढे घेऊन आला. "काका, तुमच्या गणपतीला बोललो आणि परळचं डील झालं!"

"आणि माझं?"

"तुम्ही कधी रांगेत उभे राहिलात?"

झक मारत उभा राहिलो. माझ्याच जिन्यात, अनवाणी! मूर्तीसमोर पोचल्यावर डोळे मिटले आणि मनात म्हटलं, देवा, ही खोली जाऊ दे, सुलभाला आतून कडी लागणारा संडास मिळू दे, अकरा नारळ वाहीन. मग वाटलं, अकरा कशाला? पाच पुरेत. पाचांवरून तिनांवर येत होतो, इतक्यात कानाशी कर्कश शिट्टी वाजली.

"चला, पुढे चला! मागे माणसं खोळंबलीत!"

मी वळून बघितलं. शिट्टी सुलभाच्या हातात होती.