टपालपेटीपासून ओसरीपर्यंत

होबर्ट स्टिल्टनरचा हात आधी उठायचा, डोकं मागाहून यायचं. बारा वर्षांचा असताना त्याने बापाच्या हातातला पट्टा हिसकावून घेतला आणि बापालाच झोडपून काढलं. बाप ओठाचं रक्त पुसत बायकोला म्हणाला, "पोरगं माझंच आहे, आता शंका उरली नाही." पुढे कोळशाच्या खाणीत त्याने एका मुकादमाचा जबडा जेवणाच्या डब्याने मोडला. मुकादमाने डब्यातल्या मक्याच्या ब्रेडला नावं ठेवली होती, आणि तो ब्रेड इमोजीनने भाजलेला होता.

इमोजीन म्हणजे त्याची बायको. वेस्ट व्हर्जिनियाच्या आमच्या डोंगरात तापट माणसांना काही तोटा नाही, पण बायकोवर पन्नास वर्षांत बोट न उगारलेला तापट माणूस विरळाच. ही गोष्ट होबर्ट स्वतःच सांगायचा, चर्चच्या पायऱ्यांवर, छाती पुढे काढून. त्यावर इमोजीन एकदा सगळ्यांदेखत म्हणाली होती, "माझ्यावर नाही रे उगारलंस. माझ्या अवतीभवती मात्र काही शिल्लक ठेवलं नाहीस." लोक हसले, आणि सर्वांत मोठ्याने होबर्टच हसला. त्याला ते कौतुक वाटलं.

त्याचं घर खोऱ्याच्या टोकाला आहे. डांबरी रस्त्यावर टपालपेट्या, तिथून खडीचा खाजगी रस्ता वर चढतो, पाव मैल. शंभर पावलांवर धाकटा भाऊ डेन्झिल आणि त्याची बायको व्हर्ना यांचं घर. तिथून पुढे वळणावळणाने होबर्टची ओसरी. बापाने जमीन दोघांत वाटली, रस्ता मात्र वाटता येत नाही, तो दोघांचा राहिला. भांडणाचं मूळ तेवढंच.

रस्ता होबर्ट सपाट करायचा. त्याच्याकडे लहानसा लाल ट्रॅक्टर होता, मागे लोखंडी पेटीचा लेव्हलर, पेटीत पाच दाते. दर वसंतात तो वरून खाली लेव्हलर ओढत यायचा, खड्ड्यांवर खडी पसरायचा, आणि पंधरा दिवसांत तेच खड्डे त्याच जागी पुन्हा तोंड वासायचे. डेन्झिलने जिल्ह्याच्या रस्त्यांवर वीस वर्षं ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं मोठं यंत्र, चालवलेलं. तो कुंपणावर टेकून सांगायचा, "खड्डा वरून बुजवू नकोस. दाते खाली सोड, तळापर्यंत खरवड, मग भर. आणि कडेचे वरंबे फोड, पाण्याला बाहेर पडायला वाट दे." होबर्ट त्याच्याकडे न बघता म्हणायचा, "तुझे लंगोट मी धुतलेत." धाकट्या भावाकडून शिकायचं म्हणजे त्याच्या लेखी मरणच होतं.

मग पाणी डेन्झिलच्या तळघरात शिरायला लागलं. त्याने आपल्या घराच्या जरा वरच्या अंगाला रस्त्यावर आडवी चारी खणली, पाणी ओढ्याकडे काढायला. होबर्टने ती बुजवली. डेन्झिलने पुन्हा खणली. होबर्टने डेन्झिलच्या ओसरीच्या खांबाला साखळी बांधून ट्रॅक्टरने खांब उपटला, तेव्हा व्हर्ना ओसरीवर घेवडा निवडत बसली होती, छप्पर तिच्यापासून हातभरावर कोसळलं. डेन्झिलने बंदुकीने ट्रॅक्टरची दोन्ही मागची चाकं फोडली. शेरीफला कोणीच बोलावलं नाही. रक्ताच्या माणसावर कायदा घालायचा नाही, ही आमच्याकडची रीत. एकमेकांची हाडं मोडा, पण चौकीत बोट दाखवू नका.

फेब्रुवारीत इमोजीनचं खुब्याचं हाड मोडलं. "डेन्झिलच्या चारीने मोडलं," असं होबर्ट सगळ्यांना सांगत सुटला. चारी डेन्झिलची होती हे खरं. पण तिच्यावर गाडी भरधाव घातली ती होबर्टने. डेन्झिल अंगणात उभा होता, त्याला दाखवायचं होतं की तुझ्या चारीला मी जुमानत नाही. इमोजीन शेजारी बसलेली. "हळू, होबर्ट," ती म्हणाली. त्याने वेग कमी केला नाही. गाडी उडाली, इमोजीन छतावर आपटून दारावर पडली. हा भाग होबर्ट सांगताना गाळायचा.

दवाखान्यात हाडात खिळे ठोकले. मार्चअखेरीस डॉक्टर म्हणाले, घरी न्यायला हरकत नाही, पण धक्का बसता कामा नये. होबर्ट खाटेशी टोपी चुरगाळत बसला होता.

"मी त्या रस्त्याने येणार नाही," इमोजीन म्हणाली.

"अगं, करतो ना सपाट."

"तीस वर्षं करतोयस." तिने मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. "ऐक. टपालपेटीपाशी मी मांडीवर कॉफीचा कप घेईन, काठोकाठ भरलेला. थेंब सांडला की गाडी वळवायची आणि मला शहरातल्या वृद्धाश्रमात टाकायचं. मी भीतभीत घरी राहणार नाही या वयात."

"थेंब नाही सांडणार."

"आणि डेन्झिलशी बोल."

"बोलतो," होबर्ट म्हणाला.

त्याचं बोलणं कसं असतं ते पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला ठाऊक असायला हवं होतं. पण माणूस आजारी असला की आशा धरतो, तशी तिने धरली.

शनिवारी सकाळी त्याने ट्रॅक्टर काढला. तिच्याशिवाय घर त्याला खायला उठत होतं. चुलीवरच्या तव्याला गंज चढला होता, तिची चप्पल अजून दाराशी होती. ती आली नाही तर आपण या घरात कुत्र्यासारखे मरू, हे त्याला स्वच्छ कळत होतं. म्हणूनच त्या दिवशी तो जास्त चिडलेला होता. घाबरलेला होबर्ट आणि चिडलेला होबर्ट यांत बाहेरून काही फरक दिसत नसे.

लेव्हलर ओढत तो चारीपाशी आला. चारी ताजी खणलेली होती, आणि तिच्यात टिकाव घेऊन डेन्झिल उभा होता.

"बाजूला हो."

"पाणी कुठे जाईल ते सांग, मग होतो."

"खड्ड्यात जाऊ दे तुझं पाणी. माझी बायको यायचीय."

"मलाही माहितीय ती यायचीय. मीच करून देतो रस्ता. तू उतर, मला बसू दे ट्रॅक्टरवर, दोन दिवसांत..."

"माझ्या ट्रॅक्टरवर? तू?" होबर्ट हसला. "काल रांगत होतास, आज मला शिकवायला निघालास!"

"म्हातारचळ लागलाय तुला. चारीवर गाडी कोणी उडवली? मी होतो का आत? तूच मोडलंस तिचं हाड!"

हे वाक्य आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. होबर्टने ट्रॅक्टर पुढे घेतला. डेन्झिल हलला नाही. त्याने टिकाव उचलून बॉनेटवर हाणला, पत्रा फाटून आतून वाफ उसळली. दुसरा घाव दिव्यावर बसला. होबर्टने बैठकीखालचा लोखंडी पाना काढून फेकला, तो डेन्झिलच्या कपाळावर लागला आणि रक्ताने त्याचा डोळा झाकला. डोळा पुसायला त्याने हात वर केला, आणि नेमक्या त्या क्षणी पुढचं चाक त्याच्या मांडीला धडकलं. तो चारीत उताणा पडला. होबर्टचा पाय क्लचवर होता. तो दाबायला निमिष पुरलं असतं. त्याने दाबला नाही.

मागचं चाक डेन्झिलच्या नडगीवरून गेलं. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला, आणि मग डेन्झिल ओरडला.

व्हर्ना फावडं घेऊन धावत आली. तिने होबर्टला ट्रॅक्टरवरून खेचलं आणि फावड्याचा पसरट भाग त्याच्या कानावर हाणला, पुन्हा हाणला. "राक्षसा! सख्खा भाऊ आहे ना रे तुझा! सख्खा!" तो गुडघ्यांवर आला, कानातून रक्त गळत होतं. त्याने हात वर केला नाही. तिसरा घाव तिने मारलाच नाही, फावडं टाकून ती चारीत उतरली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. हाडाचं टोक विजारीतून बाहेर आलं होतं.

रुग्णवाहिका आली, तिच्यामागे नायब शेरीफही. त्याने ट्रॅक्टर बघितला, टिकाव बघितला, होबर्टचा कान बघितला. स्ट्रेचरवर डेन्झिलचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"काय झालं, डेन्झिल?"

"त्याचा पाय क्लचवरून सटकला," डेन्झिल म्हणाला.

"नक्की?"

"म्हातारा झालाय तो. सटकतात पाय."

रुग्णवाहिका खाली निघाली. डेन्झिलच्या घरापासून टपालपेटीपर्यंतचा तुकडा अजून सपाट व्हायचा होता. गाडी पहिल्या खड्ड्यात गेली आणि आतून डेन्झिलची किंकाळी आली. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शंभर पावलांत सात खड्डे. होबर्टने ते सातही मोजले.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. होबर्ट सुजलेला कान धरून चारीपाशी गेला. चारी मातीने भरली होती. त्याच्या समोर त्याचाच रस्ता वाहत होता. तीस वर्षं लेव्हलर ओढून त्याने दोन्ही कडांना खडीचे वरंबे उभे केले होते, मधला भाग दरवर्षी खाली जात राहिला होता. पाणी कडेच्या चरात जाणार कसं? ते दोन वरंब्यांच्या मधून पाटासारखं सरळ डेन्झिलच्या तळघरात जात होतं. व्हर्ना दवाखान्यात होती, घराला कुलूप होतं. होबर्ट पावसात उभा राहून ते पाणी तळघराच्या खिडकीतून आत शिरताना बघत राहिला. धाकट्याचं खरं होतं. हे तोंडाने म्हणायला तिथे कोणी नव्हतं, तरी त्याला ते म्हणता आलं नाही.

पण काम त्याने केलं. रेडिएटर बदलून घेतला, दाते पूर्ण खाली सोडले. खड्डा तळापर्यंत खरवडला, एकेक, डेन्झिल सांगायचा तसा. कडेचे वरंबे फोडून ती खडी मधे आणली, रस्त्याला कासवाची पाठ दिली, चारीच्या जागी रस्त्याखालून पाणी ओढ्याकडे नेणारी लोखंडी मोरी पुरली. खिडकीतून आत शिरून डेन्झिलच्या तळघरातला गाळ बादलीने उपसून काढला. अकरा दिवस लागले. दर संध्याकाळी तो गाडीत स्वतःच्या मांडीवर कप घेऊन टपालपेटीपासून ओसरीपर्यंत यायचा. दहाव्या दिवशीही विजार भिजली. अकराव्या दिवशी थेंबही सांडला नाही, आणि तो गाडीतच स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

ज्या दिवशी इमोजीन यायची होती त्या दिवशी त्याने दाढी केली, तवा घासला, घेवडा शिजत टाकला. तिला आणायला व्हर्ना गेली होती, इमोजीननेच तसा निरोप धाडला होता. त्याला त्यात काही खटकलं नाही. डेन्झिल आदल्या दिवशीच घरी आला होता, पाय प्लॅस्टरमध्ये घालून ओसरीवर बसला होता.

झाडांना अजून पालवी नव्हती, ओसरीवरून सगळं दिसत होतं. व्हर्नाची गाडी टपालपेटीपाशी थांबली. मग वर निघाली, पाण्यावरून होडी यावी तशी, कुठे हिसका नाही, कुठे उसळी नाही. होबर्ट पायरी उतरला. गाडी डेन्झिलच्या घरापाशी आली, आणि वळली. डेन्झिलच्या अंगणात थांबली. व्हर्नाने चाकाची खुर्ची काढली, इमोजीनला तिच्यात बसवलं आणि फळीवरून ढकलत ओसरीवर नेलं, डेन्झिलशेजारी.

होबर्ट पायरीवर तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने व्हर्ना पायी चढत आली, दोन्ही हातांत कप धरून. कप काठोकाठ भरलेला होता.

"थेंब सांडला नाही," ती म्हणाली. "तिने सांगितलंय, रस्ता फार छान केलास."

"मग वर का नाही आली?"

"रस्त्याची भीती गेली म्हणाली. तुझी गेली नाही." व्हर्नाने कप त्याच्या हातात दिला. "ती म्हणते, त्या दिवशी मी 'हळू' म्हटलं होतं, त्याने ऐकलं होतं, आणि तरी गाडी घातली. पन्नास वर्षं वाटत होतं माझ्यावर हात उचलत नाही. आता खाली राहीन म्हणते. कप परत आण म्हणालीय, तो तिच्या आईचा आहे."

"माझी बायको तुम्ही..." होबर्ट म्हणाला, आणि हात उठला.

कप ओसरीच्या खांबावर फुटला. व्हर्नाच्या गालावर कॉफी उडाली, ती जागची हलली नाही. तिने गाल पुसला आणि खाली बघितलं. होबर्टनेही बघितलं. खालच्या ओसरीवर इमोजीन खुर्ची वरच्या घराकडे करून बसली होती. इतका वेळ ती तिथून बघत होती.

तिने दोन्ही हातांनी चाकं धरली आणि खुर्ची हळूहळू पाठमोरी केली.

होबर्ट गुडघ्यांवर बसून पायरीवरचे तुकडे गोळा करायला लागला.