शामा गेला, दयाळ आला

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवरूखच्या बाजारात फणस निवडत होते. मामी एवढंच म्हणाली, "बाय, तुझा मामा खुर्चीतच गेला गो…" कुठली खुर्ची, ते विचारावं लागलं नाही. मागच्या पडवीतली, डोंगरातून वाहत येणाऱ्या पऱ्ह्याकडे, त्या ओढ्याकडे तोंड केलेली.

त्याच खुर्चीत बसून त्याने मला लहानपणी शामा आणि दयाळ हे दोन पक्षी आवाजावरून वेगळे ओळखायला शिकवलं. भाऊभाऊच म्हणा दोघे, गळा सारखाच गोड. पण दयाळ काळापांढरा, धीट. उघड्यावर, कौलावर बसून थांबत थांबत शीळ घालणार. शामा तांबूस पोटाचा, लाजरा. दाट सावली सोडणार नाही, आणि सूर विहिरीतून आल्यासारखा खोल. मी चुकले की मामा खेकसायचा, "डोळे मीट आधी! डोळ्यांनी काय ऐकतेस?" भाताची जमीन भाजायला, भाजावळीसाठी सगळा गाव डोंगरावर पाल्याच्या फांद्या, कवळ तोडायचा, पण शामा राहायचा त्या पऱ्ह्यावरच्या झाडांची एक फांदी मामाने कधी तोडू दिली नाही.

तीच झाडं मी तोडायला लावली. हो, मीच. काजू लावूया म्हणून महिनाभर त्याचं डोकं खाल्लं. "शामाला काय चाटायचंय?" असंही बोलले… जीभ कशी झडली नाही माझी! शेवटी मामा कबूल झाला. जेसीबी फिरला आणि पुढच्याच उन्हाळ्यात पऱ्ह्यातून शामाऐवजी दयाळ गायला लागला. मामा म्हणाला, "सावली गेली, मुळं गेली. आता डोंगराला धरणार कोण?" गेल्या पावसात घरावरच्या उताराला हातभर रुंद भेग पडली. तेव्हा त्याने मामीला बजावलं होतं, झाडं पुन्हा वाढून शामा गाईपर्यंत पावसाळ्यात या घरात झोपायचं नाही.

म्हणून मागच्या आठवड्यात, मृगाच्या आधी, मी मामीला न्यायला गेले. तर बाईने बांधलेली बोचकी सोडून भांडी पुन्हा फळीवर लावलेली! चेहरा नुसता उजळलेला. "सकाळपासून गातोय बघ. तुझ्या मामानंच धाडलान. शामा परत आला गो… आता मी कुठे येत नाय."

पडवीच्या दारातून ती भेग दिसत होती. मी मामाच्या खुर्चीत बसले, डोळे मिटले. शीळ कौलावरून येत होती. थांबत थांबत.

"दयाळ आहे तो," मी डोळे न उघडताच म्हटलं. "बोचकी बांध, मामी."

मामा गेल्यावरही न रडलेली मामी खुर्चीचा हात धरून खाली बसली आणि हुंदके देऊन रडली.