भट्टीत भाजलेली गिटार

सकाळची भाजी चिरत होते, तेवढ्यात समोरच्या एसटीडी बूथवाल्यांनी हाक मारली. "रोह्याचा फोन हाय, तुमचा वसंता गेला." माझा धाकटा भाऊ. पेणहून एसटीत बसले, नागोठणं कधी मागं पडलं कळलंच नाही... महिना होऊन गेला, तरी अंगातला शिणवटा जात नाही बघा.

वसंता सुतार. दारं-खिडक्या करायचा. कंपनीतल्या एका साहेबांनी मोडकी गिटार दुरुस्तीला आणली आणि हा वेडाच झाला, स्वतःच गिटारी करायला लागला. त्याचं म्हणणं, लाकूड वर्षानुवर्षं सुकलं की गोड वाजतं. पण तेवढी वाट कोण बघणार? शेजारी सलीमभाईंची बेकरी. पाव निघाले की उरलेल्या धगीत याची गिटारीच्या तोंडावरची पातळ फळी आत. पहिल्या दोन तडकल्या. सलीमभाई म्हणायचे, "वसंता, यापेक्षा माझी नानखटाई बरी वाजंल!"

साहेब म्हणाले, हा सगळा मनाचा खेळ. ते त्याला फार लागलं. मग त्यानं एकसारख्या दोन गिटारी केल्या, एक भाजलेल्या फळीची, एक साध्या फळीची. रंगावरून कळू नये म्हणून दोन्हींना काळपट पॉलिश. मला बोलावून घेतलं. मी भजनात बसणारी ना!

"ताय, भित्तीकडं तोंड कर. भाजलेली कुठली ते सांग."

दोन्ही वाजवल्या. मला मेलीला काही फरक कळेना. पण दुसरी वाजवताना पाठीमागून बिस्किटासारखा वास आला... "दुसरी," म्हटलं.

"व्हय! आता सायबाला म्हणावं, माझ्या तायला इचार!" त्याचे डोळे भरले. त्यानंतर साधी फळी त्यानं कधी लावली नाही.

कानानं नाही, वासानं ओळखलं, हे सांगीन सांगीन म्हणत वर्षं गेली. शेवटचं दवाखान्यात भेटायला गेले, तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "सगळी हसली गो ताय. तुझ्या कानावर मी उभा राह्यलो." आणि मी विचारलं, पाणी देऊ का?

तेराव्यानंतर त्याच्या बायकोनं, सुलभानं, त्या दोन्ही गिटारी खुंटीवरून काढल्या. "वन्सं, यांची भाजलेली कुठली? तुम्हालाच ठाऊक." मी नाक जवळ नेलं. वास केव्हाच उडालाय.

आता दर रविवारी रोह्याला जाते. त्याच्या कामाच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसते, सुलभा मागं तारा छेडते. अजून ओळखता येत नाही... पण वसंता, आता ऐकतेय रे.