टिपरीचं तोंड

भुताला भिणारा माणूस मी नव्हे. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि वर्षातून एकदा अंधश्रद्धेवर भाषणही ठोकतो. आमच्या वडिलांनी घरात शिस्तच घालून दिलेली: सकाळी बुद्धवंदना म्हणायची, दिवसभर डोकं वापरायचं आणि लिंबू फक्त पोह्यांवर पिळायचं. तरीसुद्धा गेल्या वर्षी, भर दुपारी बारा वाजता, शिवाजी पेठेतल्या राहत्या घरात मी एका वीतभर बाहुलीपुढं हात जोडून "बाई, माझं काय चुकलं?" असं विचारलेलं आहे.

झालं असं, की आमच्या पोरीला, मैत्रीला, सातवं लागणार होतं. तिचा पुढचा दात पडलेला. तेव्हापासून पोरगी तोंडावर हात ठेवूनच बोलायची. हात खाली यायचा तो फक्त टीव्हीवर टिपरी लागली की! टिपरी म्हणजे कार्टूनमधली पोर. भाकरीसारखं गोल तोंड, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, दोन आखूड वेण्या, गुडघे कायम खरचटलेले आणि पुढचा दात गायब. मैत्रीला वाढदिवसाला दुसरं काहीच नको होतं. टिपरीची बाहुली मागवली.

खोक्यावर टिपरी होती. आत भलतीच बाई होती.

मान बगळ्याची, कंबर बांगडीत मावेल एवढी, पाय जन्मतःच टाचा उचललेले. ओठ लालभडक. दात बत्तीसच्या बत्तीस (आणि सगळे दिसत होते!). पण डोळे... अर्धवट मिटलेले, एका बाजूला वळलेले. तुम्ही स्वयंपाकघरात जा, ती बघतेय. मोरीकडं जा, बघतेय. पोट दाबलं की गोड आवाजात म्हणायची, "मी आले! खेळू या?"

मैत्रीनं ती माझ्या हातात परत दिली. "पप्पा, ही टिपरी न्हाय."

"अगं, तीच हाय. मोठी झालीया."

मैत्रीनं बाहुलीकडं एकटक बघितलं आणि हळूच विचारलं, "हिनं टिपरीला काय केलं?"

मी बाहुली पालथी ठेवली.

"परत पाठवून द्या की," बायको, म्हणजे रेखा, म्हणाली.

"परत? घरात चित्रकार असताना?"

"म्हणूनच म्हणते."

मी तिकडं दुर्लक्ष केलं. रविवारी त्या दोघी रेखाच्या बहिणीकडं गारगोटीला गेल्या आणि मी बाहुली घेऊन खिडकीशी बसलो. त्या दिवशी फुटबॉलची मॅच होती, त्यामुळं सगळी पेठ मैदानावर. गल्लीत चिटपाखरू नाही. एरवी इथं कुजबुजायचं तरी ओरडावं लागतं! आज घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

कापसावर नेलपेंट काढायचं औषध घेऊन आधी ओठ पुसले. मग दात. मग डोळे. राहिला तो सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत चेहरा. आता तरी बघायची थांबेल असं वाटलं होतं. ती आता चेहराभर बघायला लागली!

वेण्या घालायच्या तर केस मऊ हवेत, म्हणून मुंडकं उपटून गरम पाण्यात टाकलं. टाचा खाली बसाव्यात म्हणून मागोमाग धडही बुडवलं. (पोटात यंत्र आहे हे विसरलो.) मग मुंडकं ब्रशांच्या डब्यात खोचलं आणि धड खिडकीत वाळत ठेवलं.

मी ब्रश उचलतोय, तेवढ्यात खोलीत कुणीतरी बोललं.

"मीऽऽऽ... आऽऽऽले."

आवाज गोड नव्हता. विहिरीच्या तळातून एखादा म्हातारा बोलावा तसा जाड आणि ओला. मी धडाला हातही लावला नव्हता.

"खेऽऽळू... याऽऽऽ?"

ते हात जोडण्याचं प्रकरण घडलं ते इथं.

तेवढ्यात शेजारच्या हौसाकाकूंनी दारातून विचारलं, "गुरुजी, कोण पावणं आलंय व्हय?"

"कोण न्हाय काकू!"

"मीऽऽ आऽऽले," धड म्हणालं.

काकू आत डोकावल्या. त्यांनी बिनमुंडक्याचं धड बघितलं, मग डब्यातलं बिनतोंडाचं मुंडकं बघितलं. "आगं आई गंऽऽ!"

"काकू, यंत्र हाय ते! पाणी गेलंय आत!" मी शास्त्रीय खुलासा केला. तो मी खुर्चीवर उभा राहून का केला, हे मला आजही सांगता येत नाही.

काकू पळाल्या त्या दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणायलाच. पोरगी परत यायच्या आत काम उरकायला हवं होतं. खोक्यावरचं चित्र मी बघितलंही नाही. बघून काढायला मी काय शिकाऊ आहे? समोर दाढी करायचा आरसा होता, उजेड चांगला होता, हात भराभर चालला. तोंड रंगवलं, एक दात गाळला, वेण्या घातल्या, मुंडकं धडावर बसवलं. पोरगी ओळखेल अशी खात्री होती.

रेखा, मैत्री आणि मीठ-मोहऱ्यांची मूठ आवळलेल्या हौसाकाकू एकदमच आत आल्या. मी बाहुली पुढं केली. काकू बाहुलीकडं बघायच्या, माझ्याकडं बघायच्या, पुन्हा बाहुलीकडं. मूठ कुणावरून ओवाळावी हेच त्यांना कळेना.

"अवो," रेखा शेवटी म्हणाली, "हे तर तुमीच की!"

मी आरशात बघितलं, मग बाहुलीकडं. जाड भुवया, पसरट नाक, भेदरलेले डोळे! झालरीच्या फ्रॉकमध्ये, दोन वेण्या घालून, मीच उभा होतो. तेवढ्यात फ्रॉकमधला मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "खेऽऽळू याऽऽ?"

मैत्री हसली. खदखदून, तोंड उघडं टाकून. हात तोंडावर न्यायचं तिच्या लक्षातच आलं नाही. "पप्पांचा बी दात पडलाय!" म्हणत तिनं बाहुली कडेवर घेतली ती घेतलीच.

आता मैत्री रोज त्या बाहुलीची शाळा घेते. परवा दाराआडून ऐकलं. मैत्री बाहुलीच्या हातात खडू कोंबून दरडावत होती, "पप्पा, समोर बघून काढायचं! मनानं न्हाय काढायचं. तेवढं तुमाला येत न्हाय."

मी पाय न वाजवता मागं फिरलो.